आवाज येण्याआधी टाय रॉड

दारव्हा-दिग्रस-पुसद मार्गावर कापसाची पिकअप धावो की घरची छोटी कार, तिची पुढची दोन चाकं एकमेकांशी जुळलेली राहतात ती टाय रॉडमुळे. वळताना दोन्ही चाकं सारखीच वळून भागत नाही. आतल्या चाकाला लहान वर्तुळ काढायचं असतं, म्हणून त्याला जास्त वळावं लागतं. म्युनिकच्या गेऑर्ग लांकेन्सपेर्गरने हा हिशेब घोडागाडीसाठी सोडवला आणि १८१८ मध्ये रुडॉल्फ आकरमानने इंग्लंडमध्ये त्याचं पेटंट घेतलं. आजच्या बहुतेक कारमध्ये स्टेअरिंगचा रॅक डावी-उजवीकडे सरकतो. त्याच्या दोन्ही टोकांना रॅक एंड असतो आणि त्यावर आट्यांनी बसवलेला टाय रॉड एंड चाकाच्या नकलला (चाक धरून वळवणाऱ्या भागाला) जोडलेला असतो. दोन्हीकडे गोळी आणि वाटीचा बॉल जॉइंट, आत ग्रीस. हा सगळा जोड मामुली दिसतो, पण तो सुटला तर त्या बाजूचं चाक स्टेअरिंगचं ऐकत नाही. म्हणूनच टाय रॉड ‘खडखडला की बदलू’ या यादीत ठेवणं चूक आहे. त्याची तपासणी दर पावसाळ्यानंतर, आवाज नसतानाही झाली पाहिजे.

याचं कारण आपल्या जमिनीत आहे. यवतमाळ जिल्ह्याची काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हात आक्रसते. तिच्यावरच्या डांबराला भेगा जातात, कडा खचतात, खड्डे पडतात. प्रत्येक खड्ड्याचा धक्का चाकातून थेट बॉल जॉइंटवर येतो. पण खरा शत्रू धक्का नाही, चिखल आहे. जॉइंटवरचं रबरी बूट फाटलं की ग्रीस बाहेर, पाणी आणि बारीक माती आत. मग गोळी-वाटी एकमेकांना घासत जातात. फाटलेलं बूट आवाज करत नाही. आवाज येईपर्यंत झीज बरीच पुढे गेलेली असते. पॉवर स्टेअरिंगच्या गाडीत तर सुरुवातीचा सैलपणा हातालाही नीट जाणवत नाही. पाऊस सरतो आणि कापूस-सोयाबीनची वाहतूक सुरू होते, त्या मधल्या दिवसांत गाडी जॅकवर चढवणं म्हणूनच शहाणपणाचं.

यावर पहिला आक्षेप असा, की फिटनेस तपासणीत हे पाहिलंच जातं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम ९८ स्टेअरिंग चक्रावर ३० अंशांपर्यंतचा सैलपणा चालवून घेतो. तोच नियम बॉल जॉइंटवर रबरी टोप्या हव्यात आणि बोल्ट-पिना पक्क्या अडकवलेल्या हव्यात, असंही सांगतो. ३० अंश ही कायद्याची शेवटची रेघ आहे, चांगल्या गाडीचं माप नव्हे. शिवाय खासगी कारला दरवर्षी फिटनेस लागत नाही. दुसरा आक्षेप, की अलाइनमेंट केली की गाडी सरळ होते. सैल जॉइंटवर केलेली अलाइनमेंट पुढच्या खड्ड्यात बिघडते. पैसे जातात आणि टायरची कड झिजतच राहते.

तपासणी अवघड नाही. सपाट जागेवर हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड लावा, पुढचं चाक उचला आणि जॅकखेरीज स्टँडचाही आधार द्या. चाक डाव्या-उजव्या कडांना धरून आलटून पालटून ओढा-ढकला. तिथेच खुळखुळ लागली तर संशय टाय रॉडवर. वर-खाली धरूनही लागली तर बेअरिंग किंवा लोअर बॉल जॉइंट पाहायला हवा. खात्रीसाठी एकाने स्टेअरिंग थोडं हलवावं, दुसऱ्याने जॉइंटवर बोट ठेवावं.

बदलण्याचं काम मात्र सरावाच्या मेकॅनिकलाच द्यावं. चेक नट ढिला करून जुना एंड किती फेरे फिरवून निघाला ते मोजावं आणि नवा तेवढेच फेरे बसवावा. तरीही दोन एंड तंतोतंत सारखे नसतात. आट्यांचा एक फेर म्हणजे साधारण दीड मिलिमीटर, आणि टोची, म्हणजे पुढची चाकं आत-बाहेर किती वळलेली आहेत याची, मोजणी मिलिमीटरमध्ये चालते. त्यामुळे नंतर अलाइनमेंट हवीच. जॉइंट पुलरने सोडवावा, कॅसल नट असेल तिथे स्प्लिट पिन नवीच टाकावी आणि जुनी वापरू देऊ नये. खर्चाचं म्हणाल, तर अकाली झिजलेल्या टायरच्या जोडीपेक्षा टाय रॉड एंड स्वस्त पडतो. दिवाळीआधी एकदा चाक उचलून पाहा. बूट फाटलेलं दिसलं तर आवाजाची वाट पाहू नका.