एक बटण आणि तीन टोकन

बदलीचा आदेश हाती पडला की बँक अधिकाऱ्याला नव्या शाखेची, निवासस्थानाची आणि मुलांच्या शाळाप्रवेशाची चिंता लागते. मुलांच्या एकटेपणाचा विचार मात्र त्याला बऱ्याच उशिरा सुचतो. चेन्नईला रुजू झाल्यानंतरच्या पहिल्याच उन्हाळी सुटीत मला याचा प्रत्यय आला. माझी कन्या आठवीत जाणार होती. भाषा नवी, मैत्रिणी दूर पुण्यात आणि बाहेर ऐन मे महिन्यातील ‘कत्तिरी’चे रणरणते ऊन! तिचे मन कशात तरी रमावे, या हेतूने दुसऱ्या शनिवारी आम्ही दोघे रिची स्ट्रीटवर गेलो.

ज्यांनी मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याचा पासोड्या विठोबाचा परिसर पाहिला आहे, त्यांना अण्णा सलाईलगतची ही गल्ली परकी वाटणार नाही. अरुंद रस्ता, एकमेकांना खेटून उभी असलेली दुकाने आणि काचेच्या कपाटांत मांडलेले हजारो सुटे भाग. तेथून आम्ही नवशिक्यांसाठीचा एक इलेक्ट्रॉनिक्स संच विकत घेतला.

संचात असते तरी काय?

या संचाचा प्राण म्हणजे तळहाताएवढा आर्डुइनो बोर्ड. 2005 साली इटलीतील इव्रिया येथील एका संस्थेत, अभियंता नसलेल्या विद्यार्थ्यांनाही वापरता यावा म्हणून तो तयार करण्यात आला. त्याचा आराखडा सर्वांसाठी खुला ठेवण्यात आला. त्यामुळे अनेक उत्पादक असे बोर्ड बनवू लागले आणि ते सामान्यांच्या आवाक्यात आले. संगणकावर लिहिलेला प्रोग्राम यूएसबी केबलद्वारे बोर्डावर चढवायचा. मग बोर्ड त्याबरहुकूम दिवे लावतो, मोटार फिरवतो, तापमान मोजतो. सोबत असतो ब्रेडबोर्ड. त्याच्या छिद्रांत तारा नुसत्या खोचल्या की जोडणी होते, डाग देण्याची गरज पडत नाही.

पहिला धडा छोटा एलईडी दिवा लावण्याचा. कन्येने उत्साहाच्या भरात तो थेट 5 व्होल्टला जोडला. क्षणभर लखलखून तो कायमचा विझला. मग पुस्तिकेतून उलगडा झाला की लाल एलईडीला सुमारे 2 व्होल्ट पुरतात. उरलेल्या 3 व्होल्टचा भार उचलण्यासाठी मध्ये रेझिस्टर घालावा लागतो. तो 220 ओहमचा घेतला, तर प्रवाह सुमारे 14 मिलिअँपिअरवर राहतो. शाळेच्या पुस्तकात नीरस वाटणारा ओहमचा नियम एका जळक्या दिव्याने तिला कायमचा शिकवला!

फरक काही केल्या सापडेना

आठवडाभरात तिने एक बेत आखला. बँकेतल्यासारखा टोकन फलक करायचा आणि बाबांना दाखवायचा. एक बटण दाबले की फलकावरील अंक एकाने पुढे सरकायला हवा. जोडणी झाली, प्रोग्राम चढला, तिने बटण दाबले. 1 नंतर एकदम 4! पुन्हा दाबले, तर 6. कधी नीट एकच अंक पुढे, तर कधी तिसऱ्याच अंकावर उडी. दोन दिवस ती तारा काढत आणि पुन्हा घालत राहिली. तिसऱ्या दिवशी मी घरी आलो तेव्हा संच खोक्यात परत गेला होता आणि तिचे डोळे लाल झाले होते. “मला हे जमणार नाही, बाबा. मला इथलं काहीच जमत नाही,” ती म्हणाली. त्या वाक्यातील ‘इथलं’ हा शब्द मला फार लागला.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. विजेचे मला काही कळत नाही. परंतु फरक शोधणे मला कळते. मी तिला तेरीज न जुळण्याच्या गोष्टी सांगितल्या. दोन्ही बाजूंतील फरकाला 9 ने पूर्ण भाग गेला, तर बहुधा कुठेतरी 54 चे 45 झालेले असतात. फरकाच्या निम्मी रक्कम वहीत सापडली, तर नोंद चुकीच्या बाजूला गेलेली असू शकते. चुकीलाही एक चेहरा असतो. तो आधी पाहावा, मग खोडाखोड करावी.

आम्ही वही काढली. वीस वेळा बटण दाबून प्रत्येक वेळचा अंक लिहिला. अंक कधीही मागे जात नव्हता, जागीही थांबत नव्हता. चूक नेहमी जास्तीचीच होती. ती वहीकडे पाहत राहिली आणि म्हणाली, “बाबा, बेरीज बरोबर आहे. एकच व्हाउचर दोनदा-तीनदा पोस्ट होतंय!”

निदान अचूक होते, कारण मात्र ठाऊक नव्हते. ते पुढच्या फेरीत रिची स्ट्रीटवरील एका दुकानदाराने दोन वाक्यांत सांगितले. “बटण थरथरतं, पाप्पा. आपल्याला ते एकदा दाबल्यासारखं वाटतं. बोर्ड इतका जलद की त्याला प्रत्येक थरथर दिसते.” बटणातील धातूच्या पट्ट्या एकमेकींवर टेकताना काही मिलिसेकंद उसळतात आणि प्रत्येक उसळी बोर्ड स्वतंत्र दाब म्हणून मोजतो. उपाय सोपा होता. पहिला स्पर्श कळला की 50 मिलिसेकंद थांबायचे आणि मगच पुढची नोंद घ्यायची. प्रोग्राममध्ये एक ओळ वाढली. 1, 2, 3, 4… अंक शिस्तीत पुढे सरकू लागले.

घरापुरते नव्हे

अशी संधी प्रत्येक मुलाला मिळायला हवी. ब्रिटनमध्ये 2016 साली बीबीसीच्या पुढाकाराने सुमारे 10 लाख शालेय विद्यार्थ्यांना ‘मायक्रोबिट’ हा छोटा बोर्ड विनामूल्य देण्यात आला. आपल्याकडे त्याच वर्षी सुरू झालेल्या अटल इनोव्हेशन मिशनने इयत्ता सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी 10,000 शाळांत अटल टिंकरिंग प्रयोगशाळा उभारल्या. 2025 च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये आणखी 50,000 प्रयोगशाळांची घोषणा झाली. चेन्नईच्याच आयआयटी मद्रासमध्ये 2008 पासून विद्यार्थ्यांना स्वतःच्या कल्पना घडवून पाहण्यासाठी ‘सेंटर फॉर इनोव्हेशन’ ही कार्यशाळा आहे. परंतु प्रयोगशाळेच्या कपाटाला कुलूप असेल, किंवा भाग जळेल म्हणून मुलांना हातच लावू दिला नाही, तर त्या खर्चाचा लाभ काय?

पालकांनी लक्षात ठेवावे असे

पहिला संच लहान घ्यावा. महागड्या रोबोचा मोह टाळावा. एलईडी, रेझिस्टर आणि बटणे थोडी जास्तीची आणावीत, कारण ती जळणार किंवा हरवणारच. सारी जोडणी यूएसबीच्या किंवा साध्या सेलच्या 5 व्होल्टपर्यंतच ठेवावी. भिंतीतील 230 व्होल्टशी मुलांचा संबंध येऊ देऊ नये. प्रत्येक प्रयोगाची वही ठेवावी आणि एका वेळी एकच बदल करावा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे चूक सापडेपर्यंत उत्तर देण्याची घाई करू नये, शेजारी बसावे.

तो टोकन फलक आज आमच्या जेवणाच्या टेबलावर आहे. शेजारच्या सदनिकेतील दोन तमिळ मुली रोज संध्याकाळी येतात, बटण दाबतात आणि आपला क्रमांक येण्याची वाट पाहतात. कन्या त्यांना ब्रेडबोर्ड शिकवते. त्या तिला तमिळ अंक शिकवतात. ओन्ड्रु, रेंडु, मून्ड्रु… एका वेळी एकच.