उघड्या माळावरची पारध

अमेरिकेच्या पश्चिमेकडील वायोमिंग, मोंटाना आदी राज्यांत गवताची प्रेअरी आणि तिला लागून असलेली सेजब्रश या उग्र वासाच्या राखाडी झुडपांची कोरडी मैदाने पसरलेली आहेत. प्राँगहॉर्न हा चपळ प्राणी याच प्रदेशात राहतो, आणि त्याच्या शिकारीची सारी रीत या प्रदेशाच्या उघडेपणाने घडवलेली आहे. जंगलातील शिकाऱ्याला झाडाचा आडोसा मिळतो आणि सावजाचा माग काढत जवळ जाता येते. येथे मात्र सावज दोन-तीन किलोमीटरांवरून स्पष्ट दिसत असले, तरी बहुधा त्याआधीच त्याने शिकाऱ्याला पाहिलेले असते.

अमेरिकेत प्राँगहॉर्नला सर्रास अँटिलोप म्हणत असले, तरी काळवीट ज्या कुळातील आहे त्या कुळाशी त्याचे जवळचे नाते नाही. अँटिलोकॅप्रिडी या उत्तर अमेरिकेतच विकसित झालेल्या कुळातील ही आज उरलेली एकमेव जाती आहे. काळविटाची शिंगे जन्मभर टिकतात आणि चितळाची वेळोवेळी गळून पुन्हा उगवतात, परंतु प्राँगहॉर्नच्या शिंगातील हाडाचा गाभा कायम राहून त्यावरील केराटिनची, म्हणजे ज्या द्रव्याची नखे बनतात त्या द्रव्याची, खोळ तेवढी दरवर्षी माजाचा काळ संपल्यावर गळते. नराच्या या खोळीला पुढच्या बाजूस एक फाटा फुटलेला असतो. पन्नास किलोंच्या आसपास वजनाचा हा प्राणी ताशी सुमारे 90 किलोमीटर वेग गाठतो आणि, जे त्याहून विलक्षण आहे, चित्त्याप्रमाणे क्षणात न थकता मोठा वेग कित्येक किलोमीटर टिकवून धरतो. त्याची रुंद श्वासनलिका आणि शरीराच्या मानाने मोठी फुप्फुसे व हृदय याच धावेसाठी घडलेली आहेत. आजच्या लांडग्या-कोल्ह्यांपासून वाचण्यासाठी इतक्या वेगाची गरज नाही, म्हणून हिमयुगाच्या अखेरीस नष्ट झालेल्या, चित्त्यासारख्या शिकारी प्राण्यांपुढे हा वेग घडला असावा, असे मत जॉन बायर्स या प्राणिशास्त्रज्ञाने मांडले. ते सर्वमान्य नसले तरी अत्यंत विचारप्रवर्तक आहे.

अशा प्राण्याचा पाठलाग करण्यात अर्थ नसतो, त्यामुळे त्याची पारध ही मुख्यतः नजरेची आणि संयमाची पारध आहे. डोक्याच्या दोन्ही बाजूंना असलेल्या मोठ्या डोळ्यांमुळे त्याला जवळजवळ चहूकडचे दिसते, आणि धोका जाणवताच तो पुठ्ठ्यावरचे पांढरेशुभ्र केस फुलवून दूरच्या कळपालाही सावध करतो. शिकारी उंचवट्यामागे पडून दुर्बिणीतून कळप निरखतो, वाऱ्याची दिशा आणि जमिनीतील घळी, ओहोळ, लहानसे खोलगट भाग यांचा हिशेब मांडतो, आणि मग निवडुंगाचे काटे सोसत कोपरांवर सरकत कधीकधी तासभर पुढे जातो. सपाट मुलखात अंतर मापायला झाड किंवा घर नसल्याने डोळा हमखास फसतो, म्हणून आज लेसरने अंतर मोजणारे उपकरण वापरले जाते. तरीही मोकळ्या वाऱ्याने गोळी बाजूला ढकलली जाते आणि हृदय-फुप्फुसांचा नेमका भाग लहान असतो. धावत्या कळपावर गोळी न झाडणे आणि टिपायच्या जनावरामागे दुसरे उभे नाही याची खात्री करणे हे येथील चांगल्या शिकाऱ्याचे पहिले लक्षण मानले पाहिजे, कारण जखमी प्राँगहॉर्न क्षणार्धात क्षितिजापार जाऊ शकतो. धनुर्धारी शिकारी पाणवठ्याजवळच्या लपणात दिवसभर बसतात, किंवा सप्टेंबरमधील माजाच्या दिवसांत बनावट नर उभा करून खऱ्या नराला जवळ ओढतात.

स्थानिक आदिवासी समाजांनी या प्राण्याचा स्वभाव फार पूर्वी ओळखला होता. वायोमिंगमधील ट्रॅपर्स पॉइंट येथे सुमारे सहा हजार वर्षांपूर्वीच्या सामूहिक शिकारीचे अवशेष मिळाले आहेत, आणि तेथूनच आजही स्थलांतर करणारे कळप जातात. ग्रेट बेसिन प्रदेशातील शोशोनी लोक झुडपांची लांब कुंपणे घालून, हाका करून कळपाला गोल आवारात कोंडत, आणि या मोहिमेचे नेतृत्व कळपाला मंत्राने आकर्षून घेणाऱ्या व्यक्तीकडे असे. ठेंगणी कुंपणे पुरेशी पडत, कारण उघड्या मैदानात उडी मारण्याचा प्रसंगच न आल्याने प्राँगहॉर्न सहसा अडथळ्यावरून उडी घेत नाही. त्याचे कुतूहलही त्याला घातक ठरे. एकोणिसाव्या शतकात गोरे शिकारी जमिनीवर पडून कापड फडकावत, आणि ते काय आहे हे पाहायला तो जवळ येई.

एके काळी कोट्यवधींच्या घरात मानली जाणारी त्याची संख्या विक्रीसाठी झालेली बेसुमार शिकार, नांगराखाली गेलेली मैदाने आणि काटेरी तार यांमुळे 1920च्या सुमारास काही हजारांवर आली. अनेक राज्यांनी शिकार बंद ठेवली, आणि 1937च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका व काडतुसांवरील कराचा पैसा वन्यजीवांच्या कामाला मिळू लागला. शिकाऱ्यांच्या पैशातून सावजाचे पुनरुज्जीवन होण्याची ही घटना, शिकार संपूर्णपणे निषिद्ध मानणाऱ्या भारतीय वाचकाला अवघडल्यासारखी वाटली, तरी गांभीर्याने समजून घेण्याजोगी आहे. आज परवाने विभागवार ठरवून बहुतांशी सोडतीने दिले जातात. मारलेल्या जनावराचे मांस वाया घालवणे गुन्हा ठरतो. हंगामाच्या सुरुवातीच्या उन्हात ते लगेच सोलून, आतडी काढून थंड केले नाही तर नासते, आणि या मांसाला उग्र वास येतो हा समज बव्हंशी अशाच हयगयीतून पसरला आहे.

गोळीपेक्षा तारेचे कुंपण आता अधिक चिंतेचे झाले आहे. प्राँगहॉर्न तारेखालून सरपटत जातो, म्हणून सर्वांत खालची तार काटे नसलेली आणि जमिनीपासून सुमारे 40 सेंटिमीटर उंच ठेवण्याचा आग्रह धरला जातो. ट्रॅपर्स पॉइंट येथे महामार्गावर खास वन्यजीवांसाठी पूलही 2012 मध्ये बांधून झाला. 2022-23च्या कडक हिवाळ्यात पश्चिम वायोमिंगमध्ये खोल बर्फ आणि न्यूमोनिया यांनी हजारो प्राँगहॉर्न दगावले व पुढील हंगामासाठी परवान्यांत मोठी कपात झाली. बर्फ साचला की कळपांना कमी बर्फाच्या भागाकडे सरकावे लागते, आणि ती वाट कुंपणांनी अडलेली असेल तर परवान्यांतील कपातीने पुढच्या हिवाळ्यातील मृत्यू टळत नाहीत.