पाच वाट्या आणि पाचवी वाटी

मैत्रिणींनो, गटाच्या वहीत 'तीन हप्ते भरले' आणि 'तिसरा हप्ता भरला' या नोंदी वेगळ्या असतात, हे तुम्हाला सांगायला नको. एकीत किती ते कळतं, दुसरीत कितवा ते.

लहान मुलांना मात्र 'किती' आणि 'कितवा' यातला फरक लगेच कळत नाही. एक ते वीस घडाघडा म्हणणारं मूलसुद्धा 'पाचवी वाटी आण' म्हटलं की पाच वाट्या आणतं. पुढे शाळेत बाई सांगतात, 'दुसऱ्या ओळीतलं तिसरं अक्षर वाच.' मूल गप्प बसतं आणि आपण म्हणतो, याला वाचताच येत नाही. कधी कधी त्याला अक्षर येत असतं, फक्त जागा सापडत नसते. म्हणून हे घरीच, काम करता करता शिकवूया.

सुरुवात तिघांपासून करा. तीन वाट्या ओळीत मांडा. पहिली कोणती, शेवटची कोणती, मधली कोणती, ते विचारा. हे जमलं की पाच वाट्या घ्या. आधी 'तीन वाट्या दे' म्हणा. त्या परत जागेवर ठेवून 'तिसरी वाटी दे' म्हणा. दोन्ही वेळा हातात काय आलं, ते मुलालाच बघू द्या.

कुठून मोजायचं ते आधी सांगा. चुलीकडून पहिली वाटी दाराकडून पाचवी होते. हे कळावं म्हणून एकदा चुलीकडून आणि एकदा दाराकडून मोजायला लावा.

चूक झाली तर हसू नका. पाचवा, सहावा, सातवा हे शब्द एका चालीचे आहेत. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा हे चार मात्र वेगळे, ते ऐकूनच पाठ होतात. मूल 'तीनवा' म्हणालं तर त्याला चाल कळली, असं समजा. रागावू नका, नुसतं म्हणा, 'हो, तिसरा.' पहिला डबा, पहिली वाटी, पहिलं ताट हेही बोलता बोलताच बसतं.

जागा सगळीकडे सापडतात. नळावरच्या रांगेत आपला हंडा कितवा? चहात आधी काय टाकलं, दुसरं काय, शेवटी काय? दाराची कितवी पायरी चढलास?

जरा मोठ्या मुलांना सण विचारा. पंधरवड्यातली पहिली तिथी पाडवा, भाऊबीज दुसरीला, अक्षय तृतीया तिसरीला, गणेश चतुर्थी चौथीला, नागपंचमी पाचवीला. मग चंपाषष्ठी, रथसप्तमी, गोकुळाष्टमी, रामनवमी आणि दहावा आपला दसरा! नावातच क्रम दडलाय.

रोज पाच मिनिटं पुरतात. पुढच्या बैठकीला येताना आपलं मूल कितव्यापर्यंत पोचलं, ते एकमेकींना नक्की सांगा.