नुसती मान हलवा

गोष्ट १९८०च्या दशकातली. तालुक्याच्या एका गावी मी बँकेत अधिकारी होतो. एका सकाळी गावातले एक प्रतिष्ठित गृहस्थ आले. चहा घेतला, पावसापाण्याचं बोलले आणि मग आवाज उतरवून म्हणाले, "अमक्याच्या मुलाचं स्थळ आलंय आमच्या मुलीला. त्याच्या वडिलांचं खातं तुमच्याकडे आहे. आकडा सांगू नका साहेब. पन्नास हजारांच्या वर असेल तर नुसती मान हलवा."

मी मान हलवली नाही. उभीही नाही आणि आडवीही नाही. आडवी हलवली असती तरी बातमी फुटलीच असती! पुढे वर्षभर ते गृहस्थ माझा नमस्कार घेत नव्हते.

यात माझा काही मोठेपणा नव्हता. राष्ट्रीयीकृत बँकेत लागताना निष्ठा आणि गुप्ततेच्या प्रतिज्ञेवर सही करावी लागते. १९७०च्या राष्ट्रीयीकरणाच्या कायद्यातलं तेरावं कलमच तसं आहे. खातेदाराची माहिती कायद्याने किंवा बँकिंगच्या रूढ प्रथेने द्यावी लागेल तेवढीच द्यायची. तो कागद आम्ही कुणी नीट वाचला नव्हता हे कबूल. पण माहिती फुटलीच तर जाब विचारायला समोर माणूस होता आणि लेजरच्या पानावर त्याची सही होती.

हे सारं आठवण्याचं कारण इंटरनेट. मी काही त्याचा शत्रू नव्हे. नोव्हेंबर महिन्यात आपण जिवंत आहोत हे सांगायला म्हातारी माणसं काठी टेकत बँकेत रांगा लावीत, ते मी काउंटरच्या आतून वर्षानुवर्षं पाहिलं आहे. २०१४ साली 'जीवन प्रमाण' आलं आणि आता मी घरी खुर्चीत बसून मोबाइलला चेहरा दाखवतो, की वर्षभर जिवंत! गावच्या जमिनीचा सातबारा पाहायला पूर्वी तलाठ्याची वाट पाहावी लागे. तो आता रात्री अकरालाही दिसतो. परदेशातल्या नातीचा पडलेला दात तिच्या आजीने त्याच दिवशी पाहिला. हे सुख सोडून द्या असं कुणी म्हणालं, तर मी त्याच्याशी भांडेन.

पण जुना बँकवाला आत जागा असतोच. पूर्वी मी पगारातले पाचशे रुपये काढी, तेव्हा पासबुकात एक ओळ उमटे, 'रोख'. बँकेला तेवढंच ठाऊक. पुढे ते पैसे कुठे गेले हे मला आणि फार तर हिला माहीत. २०१६मध्ये यूपीआय आलं आणि आता भाजीवालीचे चाळीस रुपयेही मोबाइलवरून जातात. महिन्याचा उतारा काढला की दूधवाला, औषधांचं दुकान, पॅथॉलॉजी, नाट्यगृह, पुन्हा औषधांचं दुकान. खात्यावर किती आहे हे गुपित त्यामानाने किरकोळ होतं. असा तीन महिन्यांचा उतारा माझ्या हाती द्या, त्या घरात कुणाचं काय दुखतं आहे ते मी सांगतो. यंत्राला तर तीन मिनिटंही लागायची नाहीत.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं. २०२३ साली वैयक्तिक विदेचा कायदा झाला. संमती सोप्या भाषेत मागावी, हवी असेल तर आठव्या अनुसूचीतल्या भाषेत, म्हणजे मराठीतही मागावी, असं त्यात आहे. छान आहे. पण 'मला मान्य आहे' या शब्दांवर बोट ठेवण्याआधी वरचं वाचतो कोण? मीसुद्धा नाही. त्या प्रतिज्ञेच्या कागदासारखंच!

गेल्या वर्षी ही गोष्टी विसरू लागली. गॅस, किल्ल्या, मग एकदा सख्ख्या भाच्याचं नाव. मी तिला काही बोललो नाही. रात्री ती झोपली की मोबाइलवर शोधत बसे, विसरणं कुठवर साधं आणि कुठून आजार. हे गुपित नीट सांभाळायचं आणि योग्य वेळ पाहून बोलायचं, असं मी ठरवलं होतं. गुपितं सांभाळण्याची सवय होतीच.

घरातल्या टॅबला माझंच खातं जोडलेलं आहे, हे मात्र माझ्या ध्यानात नव्हतं. ही त्यावर पाककृती पाहते. एका दुपारी तिने टॅब माझ्यासमोर धरला. उकडीच्या मोदकांच्या शेजारी स्मरणशक्तीच्या दवाखान्याची जाहिरात, खाली वृद्धांची काळजी घेणाऱ्या केंद्राची.

"अहो, आठवडाभर हेच येतंय," ती म्हणाली. "मला काय झालंय?"

एवढ्या वर्षांत मी मान हलवली नव्हती. त्या टॅबने हलवली, आणि नेमकी तिच्यासमोर.

त्या संध्याकाळी आम्ही खूप बोललो. कदाचित मी आणखी सहा महिने बोललो नसतो, हेही खरं. पण ती वेळ मी निवडायची होती, मोदकांच्या शेजारची जागा विकत घेणाऱ्याने नव्हे.

डॉक्टरांनी तपासण्या केल्या. बी-१२ फारच कमी निघालं. इंजेक्शनं झाली आणि ही पुष्कळ सावरली. परवा तिने भाच्याच्या वाढदिवसाची तारीख मलाच सांगितली.

वृद्धांच्या केंद्राच्या जाहिराती अजून येतात.