आधी आजीला विचारा

माझ्या यादीत त्या बाईंच्या नावापुढे मी ‘नकार’ असं लिहिलं होतं. खरं तर त्या नाही म्हणाल्याच नव्हत्या. ‘घरी विचारून सांगते,’ एवढंच म्हणाल्या होत्या. बडोद्याच्या एकत्र कुटुंबात वाढलेल्या मला तरी या वाक्याचा अर्थ कळायला हवा होता!

टेक्सासमधल्या एका रुग्णालयात, मुलांच्या दम्यावरच्या संशोधनासाठी लॅटिनो कुटुंबं मिळवणं हे माझं काम. 2020 च्या जनगणनेनुसार अमेरिकेत हे लोक सुमारे 6 कोटी 20 लाख आहेत, म्हणजे जवळजवळ पाचातला एक. औषधांच्या चाचण्यांत मात्र त्यांचा वाटा बराच कमी. त्याने काय बिघडतं? दम्याचंच घ्या. अमेरिकेत पोर्तो रिकन मुलांमध्ये दमा फार आढळतो, आणि श्वास मोकळा करणारा नेहमीचा पंप त्यांना मेक्सिकन मुलांपेक्षा कमी लागू पडतो, असं अभ्यासांत दिसलं आहे. फॉर्मवर दोघांनाही एकच चौकोन, ‘लॅटिनो’. ही मुलं अभ्यासात आलीच नसती, तर हा फरक कळला कसा असता?

लोक बिचकतात त्यालाही कारणं आहेत. 1956 मध्ये गर्भनिरोधक गोळीची मोठी चाचणी पोर्तो रिकोत सुरू झाली, तेव्हा ही चाचणी आहे हे तिथल्या बायकांना सांगितलं नव्हतं. 1946 ते 1948 या काळात ग्वाटेमालात अमेरिकी सरकारच्या पैशावर डॉक्टरांनी कैद्यांना, सैनिकांना, मनोरुग्णांना मुद्दाम गुप्तरोगांची लागण केली. ते 2010 मध्ये उघड झालं आणि ओबामांना माफी मागावी लागली. हा इतिहास सगळ्यांना पाठ असतो असं नाही. रोजची भीती वेगळीच असते, कागदपत्रांची. भत्ता देताना बऱ्याच संस्था सोशल सिक्युरिटी नंबर मागतात. ज्या घरात एकाकडे तो आहे आणि दुसऱ्याकडे नाही, तिथे पाहुणा तिथेच उठतो. सरकारी निधीवरच्या संशोधनातली ओळखीची माहिती उघड करायला कायद्याने मनाई आहे, हे आम्ही सांगायचो, पण विसाव्या पानावर.

आमच्याकडे एक प्रोमोतोरा आहेत. म्हणजे त्याच वस्तीतल्या, शेजारणींना आरोग्याचं चार शब्दांत समजावणाऱ्या बाई. आपल्या आशाताईच म्हणा ना. माझी यादी पाहून त्या हसल्या. ‘मिहा, सही आईची असते गं. होकार आजीचा असतो.’ मिहा म्हणजे पोरी. त्यांनी आम्हाला दुपारी तीनच्या वेळा बंद करायला लावल्या, कारण मजुरी बुडवून कोण येणार? संध्याकाळी सहानंतर जायचं, धाकट्यांना सांभाळायला कोणीतरी न्यायचं, आणि नंबर कशाला हवा ते आधीच सांगायचं. न्यूयॉर्कचं ब्रॉन्क्स, शिकागो, मायामी आणि सॅन डिएगो इथे 2008 ते 2011 मध्ये 16 हजारांहून जास्त लॅटिनो माणसं एका मोठ्या अभ्यासात आली. तेव्हा ‘ते येतच नाहीत’ ही तक्रार मला आता पटत नाही.

‘नकार’ खोडून आम्ही दोघी त्या घरी गेलो. आजी टीव्ही बंद करून समोर बसल्या. रक्त किती काढणार? मधेच सोडलं तर डॉक्टर रागावतील का? रात्री दम लागला तर फोन कोण उचलेल? तिन्हींची उत्तरं नीट ऐकून घेतली. चौथा प्रश्न माझ्या लग्नाबद्दल होता. त्याचंही उत्तर दिलं, मग त्यांनी सुनेकडे पेन सरकवलं.