घरून डबा घेऊन जाता येईल असे कॉलेज

आसपासच्या लोकांच्या गरजेतून आणि पैशातून उभे राहिलेले, घरून ये-जा करता येण्याजोगे आणि पदवीबरोबर हाताला काम देणारे महाविद्यालय म्हणजे कम्युनिटी कॉलेज. अमेरिकेत 1901 साली जोलिएट येथे असे पहिले सरकारी महाविद्यालय निघाले. भारतात पाँडिचेरी विद्यापीठाने 1995 मध्ये सुरुवात केली आणि 2013 च्या सुमारास विद्यापीठ अनुदान आयोगाने त्यासाठी स्वतंत्र योजना आणली. पूर्वीच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात मात्र ही कल्पना तिच्या नावाआधीच रुजली होती.

सतरा हजार चौरस किलोमीटरचा, क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा असा हा जिल्हा. अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या किंवा जामखेडच्या कोरडवाहू गावातल्या मुलाला पुण्यात खोली घेऊन शिकणे परवडणारे नव्हते. 1947 मध्ये डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी नगर शहरात अहमदनगर कॉलेज स्थापन केले. पुढे तालुक्यांनी स्वतःची महाविद्यालये काढली. संगमनेरचे महाविद्यालय 1961 चे. त्याच्या लांबलचक नावात कला शाखेला नगरपालिकेचे, वाणिज्य शाखेला मालपाणींचे आणि विज्ञान शाखेला सारडांचे नाव आहे. महाविद्यालयामागे कोण उभे राहिले ते पाटीवरच वाचता येते. कोपरगाव, श्रीरामपूर येथे रयत शिक्षण संस्था आली. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील यांनी सहकारी साखर कारखान्याच्या आधारावर 1964 मध्ये शिक्षण संस्था उभी केली. खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना राज्याने वाट मोकळी केली त्या 1983 साली लोणी, संगमनेर आणि कोपरगाव अशा तिन्ही ठिकाणी अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली. तिन्ही साखरपट्ट्यातली. उसाच्या पैशातून पोरे शिकली, असे इथे म्हणतात ते अक्षरशः खरे आहे.

अभ्यासक्रमांत बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. हा जुना पाया कायम आहे. कौशल्याच्या अभ्यासक्रमांची मांडणी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या योजनेत वेगळी आखली होती. सहा महिन्यांना 30 श्रेयांक व प्रमाणपत्र, वर्षाला 60 व पदविका, दोन वर्षांना 120 व प्रगत पदविका, तीन वर्षांना 180 व बी.व्होक. पदवी. साठ टक्के भार प्रत्यक्ष कामावर, चाळीस टक्के भाषा, संगणक, हिशेब अशा सामान्य विषयांवर. पंधरा तासांच्या तासिकांना एक श्रेयांक मिळतो. कार्यशाळेत तेवढ्यासाठी तीस तास घालवावे लागतात. मधेच शिक्षण सुटले तरी तोवरचे प्रमाणपत्र हाती राहते. बारावीनंतर लग्न ठरलेल्या किंवा घरच्या गोठ्याची जबाबदारी अंगावर पडलेल्या मुलीला याचा खरा उपयोग आहे. दुग्धप्रक्रिया, माती परीक्षण, ठिबक सिंचन हे विषय या जिल्ह्यात ओढूनताणून आणावे लागत नाहीत. मात्र शेजारचा दूधसंघ किंवा कारखाना मुलांना यंत्रापाशी उभे करत नसेल, तर साठ टक्क्यांचे प्रात्यक्षिक वहीतच राहते. योजनेचे यश तिथेच ठरते.

विद्यार्थ्याचा दिवस एसटीने सुरू होतो. राज्यातली पहिली एसटी 1 जून 1948 रोजी पुणे-नगर मार्गावरच धावली. आज विद्यार्थ्यांना मासिक पासासाठी एक तृतीयांश भाडे पडते. मुलींना बारावीपर्यंतचा पास मोफत असतो आणि त्या योजनेला याच जिल्ह्यातल्या चोंडीत जन्मलेल्या अहिल्याबाई होळकर यांचे नाव आहे. गाडी चुकली की पहिला तास बुडतो. संध्याकाळच्या शेवटच्या गाडीमुळे स्नेहसंमेलनाच्या तालमीही लवकर आटोपतात.

‘कमवा व शिका’ योजनेचा मूळ विचार रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक कर्मवीर भाऊराव पाटील यांचा. पुणे विद्यापीठाची योजना त्यांच्याच नावाने चालते. तास संपल्यावर कुणी ग्रंथालयात पुस्तकांवर क्रमांक चिकटवते, कुणी प्रयोगशाळेतल्या काचनळ्या धुते, कुणी बागेतल्या आळ्यांना पाणी सोडते. कामाचे तास वहीत नोंदले जातात आणि मोबदला विद्यार्थ्याला मिळतो. रक्कम मोठी नसते, पण परीक्षा शुल्क आणि पुस्तके घरी हात न पसरता निघतात. ही योजना शिष्यवृत्तीहून मोलाची आहे, कारण श्रमाची लाज वाटू नये हा तिचा हेतू आहे.

राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला 120 तास काम आणि सात दिवसांचे निवासी शिबिर असते. दिवाळीनंतर एखाद्या गावच्या शाळेत मुक्काम पडतो. दिवसा बांधबंदिस्ती, श्रमदान, घरोघरी पाहणी. रात्री व्याख्यान आणि पथनाट्य. पाणलोटाच्या कामांसाठी ओळखली जाणारी हिवरे बाजार आणि राळेगणसिद्धी ही गावे याच जिल्ह्यात असल्याने समपातळी चर कसा खणतात आणि त्याने विहिरीला पाणी कसे वाढते, हे इथल्या विद्यार्थ्यांना जवळच पाहायला मिळते. नव्या शैक्षणिक धोरणाने क्षेत्रीय प्रकल्प, समाजाशी संलग्नता आणि कार्यप्रशिक्षण यांना पदवीतच श्रेयांक दिले आहेत. त्यामुळे आजवर हौसेने होणारे हे काम आता गुणपत्रिकेत दिसू लागले आहे.