शब्द नसलेलं गाणं कसं ऐकायचं?



बचत गटाच्या बैठकीत संगीताचा विषय निघाला, की सातारा असो नाहीतर सांगली, एक वाक्य हमखास येतं, "आम्हाला गाण्यातलं काय कळतंय!" आम्हाला ते पटत नाही. म्हणून आज मुद्दाम लांबचं गाणं घेतलंय. ते शब्दांवर नाही, गिटारवर चालतं. तरी ते तुम्हाला कळेल.

गाण्याचं नाव 'मिसिरलू'. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर तरुण मुलं फळीवर उभी राहून लाटांवरून घसरत जातात. त्या खेळाला सर्फिंग म्हणतात. १९६० नंतर या मुलांच्या आवडीचं एक वाजप तयार झालं, ते सर्फ रॉक. स्वतः हा खेळ खेळणाऱ्या डिक डेलने १९६२ मध्ये 'मिसिरलू' गिटारवर वाजवलं.

ऐकताना तीन गोष्टींकडे लक्ष द्या.

पहिली, हाताचा वेग. तार एकदा छेडली की आवाज लगेच विरतो. तो जिवंत ठेवायला डेल तीच तार वर-खाली इतक्या भराभर छेडतो, की सूर तुटतच नाही. पाण्याचा लोंढा अंगावर आल्यासारखं वाटतं. आता वरातीतला बेंजो आठवा. डाव्या हाताने बटणं दाबायची आणि उजव्या हाताने तारा झपाट्याने छेडायच्या, ही तीच रीत. आपला हा बेंजोही मूळचा इथला नाही. १९१२ च्या सुमारास जपानमध्ये निघालेल्या तायशोगोतो नावाच्या वाद्यापासून तो आला.

दुसरी, आवाजाचं घुमणं. विहिरीत वाकून हाक मारली की ती भिंतींवर आपटून परत येते. सर्फच्या गिटारवाल्यांनी हे घुमणं पेटीत आणलं. पेटीत तारेच्या स्प्रिंगा असतात, त्यांतून आवाज हेलकावे खात बाहेर पडतो आणि ओला, लांबून आल्यासारखा लागतो. चँटेज या शाळकरी मुलांच्या बँडचं 'पाइपलाइन' ऐका. सुरुवातीलाच जाड तारेवरून सूर घरंगळत खाली येतो. 'मिसिरलू' धावत येतं, 'पाइपलाइन' दबकत येतं. वाद्यं जवळपास तीच, पण एकात जोश आणि दुसऱ्यात हुरहूर.

तिसरी, स्वर. 'मिसिरलू' म्हणजे इजिप्तची मुलगी. ही चाल तुर्कस्तान, ग्रीस, अरब मुलखात आधीपासून गायली जायची. डेलच्या वडिलांचं घराणं लेबनॉनचं, त्यामुळे हे सूर त्याच्या कानावर लहानपणापासून होते. या चालीचे मुख्य स्वर आपल्या पहाटेच्या भैरव रागाच्या स्वरांशी जुळतात. म्हणून अमेरिकेचं गाणं असूनही ते परकं वाटत नाही.

वेग, घुमणं आणि स्वर. गाण्याचा भाव या तिघांतून ठरतो, आणि तो ओळखायला शाळा लागत नाही, कान लागतो. बेंजोच्या कोणत्या तुकड्यावर पाय आपोआप उचलतो, हे आपल्याला कुणी शिकवलं होतं?

आता बऱ्याच वरातींत बेंजोच्या जागी डीजे येतो. तिथे छाती हादरते, पण वाजवणाऱ्याचा हात दिसत नाही. घरच्या लग्नात काय वाजवायचं हे ठरवताना आपणही मत देऊया. "आम्हाला काय कळतंय" म्हणून गप्प बसायला नको.

पुढच्या बैठकीत मोबाइलवर ही दोन्ही गाणी लावा. डोळे मिटून ऐका आणि प्रत्येकीला काय दिसलं ते विचारा. उत्तरं वेगवेगळी येतील, आणि त्यातलं एकही चुकीचं नसेल.